वर्गातले सेंद्रिय रसायनशास्त्र आणि घरातले रेणू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीच्या वर्गांना सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवताना सहकारी शिक्षक, विद्यार्थी आणि काही वेळा पालकही जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातले स्वयंपाकघर, बाजार आणि शेत यांतून घेतली आहेत. ज्या वस्तूचा वास विद्यार्थ्याने घेतला आहे किंवा जिचा डाग त्याच्या सदऱ्यावर पडला आहे, तिच्याबद्दल प्रश्न विचारायला त्याला कोणी सांगावे लागत नाही.

धडा रोजच्या जीवनाशी जोडायचा म्हणजे नेमके काय करायचे? प्रत्येक संयुगाचे ‘उपयोग’ तर पुस्तकात दिलेलेच असतात.

उपयोगांची यादी वाचून दाखवणे म्हणजे जोडणी नव्हे. ‘व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्ल असते’ हे वाक्य पाठ होते, परीक्षेत एक गुणही मिळवून देते, पण त्यातून आम्लाविषयी काहीही कळत नाही. मी एकच कसोटी लावतो : वस्तूचा एखादा गुण, म्हणजे तिचा रंग, वास, चव, गोठणे किंवा विरघळणे, रेणूच्या रचनेवरून उलगडून सांगता आला पाहिजे, आणि रचना थोडी बदलली तर तो गुण कसा बदलेल याचा अंदाज विद्यार्थ्याला बांधता आला पाहिजे. ज्या उदाहरणात हे जमत नाही, ते कितीही आकर्षक असले तरी मी वर्गात घेत नाही.

कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात दही ठेवले की ते कळकते, हे पुष्कळ घरांत आजी-आजोबांच्या तोंडून मुलांनी ऐकलेले असते. त्याच भांड्यात दूध थोडा वेळ राहिले तर तसा त्रास होत नाही. दोन्ही पदार्थ दुधाचेच असताना हा फरक का, असे विचारले की विरजणातले जिवाणू दुधातल्या लॅक्टोज या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात, त्या आम्लाच्या कार्बॉक्सिल गटातून प्रोटॉन सुटतो, हवेमुळे पितळेतल्या तांब्यावर आलेला ऑक्साइडचा थर त्या आम्लात विरघळतो आणि तांब्याचे क्षार दह्यात उतरतात, अशी सगळी साखळी समोर येते. मग चिंच आणि कोकम यांबद्दल विद्यार्थी आपण होऊन बोलू लागतात. कथलाचा पातळ थर, म्हणजेच कल्हई, काय काम करतो, हेही त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

सुरुवात कोणत्या पदार्थापासून करावी?

माझ्या मते हळदीपासून. हळद प्रत्येक घरात असते, ती सुरक्षित आहे, आणि तिच्यातल्या कर्क्युमिन या एका रेणूत बारावीच्या अभ्यासक्रमाचा बराच भाग सामावलेला आहे : बेंझीनची दोन वलये, दोन फिनॉल गट, दोन ईथर गट, दुहेरी बंध आणि मधोमध दोन कार्बोनिल गट.

तासाला मी गाळण कागदावर हळदीचा लेप लावून वाळवलेल्या पट्ट्या नेतो. एका पट्टीवर साबणाचे पाणी आणि दुसरीवर चुन्याची निवळी यांचा प्रत्येकी एक थेंब टाकतो. थेंब पडताक्षणी पिवळ्यात तांबडा ठिपका उमटतो आणि त्याची कडा हळूहळू बाहेर सरकत जाते. मग त्याच ठिपक्यावर लिंबू पिळले की तांबडा रंग मावळतो आणि पिवळा परत येतो. वरणाचा डाग साबण लावताच लाल होतो आणि भरपूर पाण्याने खळबळले की पुन्हा पिवळा दिसतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. मात्र ती रासायनिक अभिक्रिया आहे आणि ती दोन्ही दिशांनी चालते, हे त्या दिवशी प्रथमच ध्यानात येते.

स्पष्टीकरण असे आहे. कर्क्युमिनमध्ये एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी आहे, त्यामुळे त्यातले इलेक्ट्रॉन एका बंधापुरते अडकून न पडता रेणूभर पसरतात. असा रेणू निळा प्रकाश शोषतो आणि आपल्याला पिवळा दिसतो. अल्कधर्मी द्रावणात त्याच्या हायड्रॉक्सिल गटांतले प्रोटॉन निघून जातात, ऋणप्रभारित ऑक्सिजनमुळे इलेक्ट्रॉन आणखी मोकळे होतात, अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश शोषला जातो आणि रंग तांबूस होतो. हळदीला चुना किंवा टाकणखार लावून कुंकू करण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्या मुळाशीही हळदीतल्या याच रेणूचे गुण आहेत.

हळदीवर एवढ्यावर थांबू नये. मधल्या दोन कार्बोनिल गटांपैकी एक बहुतांशी ईनॉल रूपात, म्हणजे दुहेरी बंधाच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असलेल्या रूपात, असतो, त्यामुळे कीटो-ईनॉल रूपांतर शिकवताना पुस्तकातल्या अनोळखी संयुगाऐवजी हाच रेणू फळ्यावर काढता येतो. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात मात्र रंग सोडते, म्हणून ती फोडणीत घालतात. हळदीचा हट्टी डाग उन्हात वाळवल्यावर फिका पडतो, कारण सूर्यप्रकाशात ही लांब साखळी तुटते आणि साखळी तुटली की रंगही जातो. एकाच मसाल्यावर चार-पाच दिवस वेगवेगळ्या बाजूंनी परत येण्याने जे पक्के बसते, ते चाळीस पदार्थांची नावे घेतल्याने बसत नाही.

क्रियात्मक गट, म्हणजे रेणूचे गुण ठरवणारे अणूंचे समूह, विद्यार्थ्यांच्या डोक्यात वेगवेगळे राहतात. ‘एकच सांगाडा, वेगळा गट’ ही कल्पना कशी रुजवावी?

यासाठी मसाल्याच्या डब्यासारखे साधन नाही. बेंझीनचे वलय घ्यावे, त्यावर एक हायड्रॉक्सिल गट आणि त्याच्या शेजारच्या कार्बनवर एक मिथॉक्सी गट बसवावा. आता हायड्रॉक्सिलच्या बरोबर समोरच्या कोपऱ्यात काय जोडायचे, एवढाच प्रश्न उरतो. तेथे तीन कार्बनांचा ॲलिल गट जोडला तर युजेनॉल मिळते, म्हणजे लवंगेचा वास आणि दाढदुखीवरचे लवंगतेल. अल्डिहाइड गट जोडला तर व्हॅनिलिन मिळते, म्हणजे आइस्क्रीमचा ओळखीचा गंध. एक कार्बन, त्यापुढे अमाइड बंध आणि त्याला दहा कार्बनांचे आम्लशेपूट जोडले तर कॅप्सेसिन मिळते, म्हणजे मिरचीचा तिखटपणा. आल्यातले जिंजेरॉल याच वलयावर उभे आहे, कर्क्युमिनमध्ये हेच वलय दोन्ही टोकांना आहे, आणि हिंगात असणाऱ्या फेरुलिक आम्लातही तेच आहे.

फळ्यावर हे वलय एकदाच काढावे आणि समोरचा कोपरा पुसून पुन्हा पुन्हा नवा गट लिहावा. गट बदलला की लवंगेचे व्हॅनिला होते, हे नुसते बोलण्यापुरते नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लवंगतेलातल्या युजेनॉलपासून व्हॅनिलिन खरोखरच तयार करत असत. युजेनॉलमधला दुहेरी बंध आधी वलयाच्या शेजारी सरकवायचा आणि मग ऑक्सिडीकरणाने तो तोडायचा, अशी ती दोन पायऱ्यांची कृती आहे, आणि बारावीचा विद्यार्थी ती समजू शकतो.

कॅप्सेसिनबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. ठेचा खाऊन तोंड भाजले की आपण पाणी पितो आणि आग कमी होत नाही. लांब हायड्रोकार्बन शेपटामुळे कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. ते स्निग्ध पदार्थांत उतरते, आणि दुधातले केसीन हे प्रथिनही त्याला धरून ठेवते. म्हणून पाण्यापेक्षा दूध, दही किंवा तुपाचा घास उपयोगी पडतो. तिखटपणा ही जिभेची चव नसून उष्णतेची आणि वेदनेची जाणीव आहे. ज्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, कॅप्सेसिन जाऊन चिकटते, तोच ग्राही चटका देणाऱ्या उष्णतेनेही उघडतो. या ग्राहीचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर विभागून मिळाले.

अल्डॉल संघनन सर्वांत रुक्ष वाटते. त्यासाठी घरातले एखादे उदाहरण आहे का?

आहे, आणि माझ्या आवडीच्या उदाहरणांत ते सर्वांत वरचे आहे. ओले आले आणि सुंठ यांत सुंठ अधिक झणझणीत का असते? पाणी उडून गेल्यामुळे अर्क दाट होतो, हे अर्धेच उत्तर आहे.

आल्यातल्या जिंजेरॉलमध्ये कीटोन गट आहे आणि त्यापासून दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट आहे. दोन कार्बोनिल संयुगे जोडणाऱ्या अल्डॉल अभिक्रियेतून मिळणारी रचना हीच. अल्डॉल तापवले की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि कार्बोनिलशेजारी दुहेरी बंध तयार होतो, असे आपण शिकवतो. आले वाळताना आणि तापताना नेमके हेच घडते : जिंजेरॉलमधून पाण्याचा रेणू निघून शोगाओल तयार होते. आल्याला जपानी भाषेत ‘शोगा’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. शोगाओल जिंजेरॉलपेक्षा बरेच अधिक तिखट आहे. रामनवमीचा सुंठवडा चाखलेल्या विद्यार्थ्याला निर्जलीकरणाची पायरी मग विसरता येत नाही.

आणखी पुढेही जाता येते. आले चहात बराच वेळ उकळले की त्याचा तिखटपणा मऊ होतो आणि वासात गोडसरपणा येतो, कारण काही जिंजेरॉल अल्डॉलच्या उलट दिशेने तुटून जिंजेरोन आणि हेक्झॅनाल असे दोन तुकडे होतात. सतरा कार्बनांचे अकरा आणि सहा असे भाग पडतात. हा हिशोब विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा. कच्चे आले, चहातले आले आणि सुंठ या तीन ओळखीच्या चवींमागे एकच रेणू, त्याचे निर्जलीकरण आणि त्याची उलट अभिक्रिया उभी आहे.

आरशातल्या प्रतिमेसारखे समघटक खरोखर वेगळे असतात हे कसे पटवावे?

नाकाने पटवावे. कार्व्होन या कीटोनचे दोन प्रतिबिंब-समघटक आहेत. त्यांतला एक स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याचा मुख्य गंध देतो. दुसरा शहाजिऱ्यात आणि शेपूच्या बियांत, म्हणजे बाळंतिणीला जेवणानंतर देतात त्या बाळंतशेपांत, सापडतो. दोघांतले अणू तेच, बंध तेच, उत्कलनबिंदूही तोच, तरीही वास निराळा. आपल्या नाकातले ग्राही स्वतः कायरल, म्हणजे आरशातल्या प्रतिमेशी न जुळणाऱ्या, प्रथिनांचे बनलेले आहेत, त्यामुळे डाव्या हाताचा मोजा उजव्या हाताला बसत नाही तसे एका ग्राहीत दोन्ही समघटक सारखे बसत नाहीत. वर्गात पुदिन्याची चुरगळलेली पाने आणि कुटलेले शहाजिरे झाकणाच्या दोन डब्यांत फिरवावेत. विद्यार्थी डोळे मिटून वास घेतात आणि मग फळ्यावरच्या दोन आकृत्यांकडे अगदी वेगळ्या नजरेने पाहतात.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. ‘लिमोनीनचा एक समघटक संत्र्याचा वास देतो आणि दुसरा लिंबाचा’ असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ते बरोबर नाही. संत्रे आणि लिंबू या दोहोंच्या सालीत प्रामुख्याने एकच लिमोनीन असते. लिंबाला त्याचा खास गंध मुख्यतः सिट्राल या अल्डिहाइडमुळे येतो. उदाहरण सोयीचे आहे म्हणून ते खरे ठरत नाही, आणि ते तपासून घेणे ही शिक्षकाची जबाबदारी आहे.

आंबे पिकवण्याचा विषय कोणत्या धड्यात घ्यावा?

अल्कीन आणि अल्काइन यांच्या धड्यात, शक्यतो एप्रिल-मेच्या हंगामात, आणि सावकाश. आंबा काढल्यानंतरही पिकत राहतो, कारण तो स्वतः ईथिलीन वायू तयार करतो, आणि त्या ईथिलीनमुळे आणखी ईथिलीन तयार होऊ लागते. कोकणात आंबे गवतात रचून अढी लावतात तेव्हा ऊब तर मिळतेच, शिवाय हा वायूही फळांभोवती कोंडून राहतो. दोन कार्बन आणि एक दुहेरी बंध असलेला इतका लहान रेणू वनस्पतींमध्ये संप्रेरकाचे काम करतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना नेहमीच थक्क करते.

कॅल्शियम कार्बाइडवर ओलावा पडला की ॲसिटिलीन निघते, म्हणजे दुहेरीऐवजी तिहेरी बंध. त्याचा आकार ईथिलीनशी काहीसा जुळत असल्यामुळे तेही वनस्पतीच्या ग्राहीला, दुबळेपणाने का होईना, चेतवते. खरा धोका वेगळा आहे : बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरस यांच्या संयुगांचा अंश असतो आणि त्यांपासून विषारी वायू निघतात. म्हणून २०११ सालच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कार्बाइडच्या वायूने फळे पिकवून विकण्यावर भारतात बंदी आहे. बंद खोलीत नियंत्रित प्रमाणात, म्हणजे दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, ईथिलीन सोडून फळे पिकवण्यास मात्र परवानगी आहे. ‘कृत्रिमरीत्या पिकवलेले’ हा एकच शिक्का या दोन्हींवर मारणे चूक आहे. एकात फळाचाच रेणू फळाला बाहेरून दिला जातो, दुसऱ्यात परका वायू विषारी अंशासह येतो.

हापूसचा वास हा याच धड्याचा पुढचा भाग मानावा. कच्च्या फळात टर्पीन गटातले रेणू प्रबळ असतात; फळ पिकते तसे लॅक्टोन आणि फ्युरॅनोन यांचे प्रमाण वाढते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या गंधावर या दिशेने महत्त्वाचे संशोधन झाले आहे. लॅक्टोन म्हणजे एकाच रेणूतल्या हायड्रॉक्सिल आणि कार्बॉक्सिल गटांनी आपसात तयार केलेले वलयाकार एस्टर. एवढे वाक्य समजले की एस्टरीकरणाचा धडा अर्धा झाला, असे मी समजतो.

खोबरेल तेल थंडीत गोठते, शेंगदाण्याचे का गोठत नाही?

खोबरेल तेलातली नव्वद टक्क्यांहून अधिक मेदाम्ले संतृप्त असतात आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मे एकटे लॉरिक आम्ल असते. दुहेरी बंध नसलेल्या सरळ साखळ्या एकमेकींना लागून नीट रचल्या जातात, त्यामुळे साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली तेल थिजते आणि डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते. शेंगदाण्याच्या तेलात ओलिक आणि लिनोलिक आम्ले अधिक असतात. त्यांच्या सिस, म्हणजे साखळीचे दोन्ही भाग एकाच बाजूला असलेल्या, दुहेरी बंधापाशी साखळीला बाक येतो आणि बाकदार साखळ्या दाटीने बसू शकत नाहीत.

याच बाकावरून वनस्पती तुपाकडे जाता येते. निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन जोडून तेल घट्ट करताना काही दुहेरी बंध शिल्लक राहतात, पण सिसचे ट्रान्स, म्हणजे साखळीचे भाग विरुद्ध बाजूंना असलेले, होतात. बाक निघून जातो आणि साखळी पुन्हा सरळ होते. ट्रान्स मेद हृदयाला अपायकारक असल्यामुळे भारतात तेले आणि स्निग्ध पदार्थांतली त्यांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली आहे. तेल खवट होते तेव्हाही दुहेरी बंधाशेजारीच हवेतला ऑक्सिजन शिरतो आणि साखळी तुटून उग्र वासाची लहान अल्डिहाइडे तयार होतात.

बोअरवेलच्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही?

साबण म्हणजे मेदाम्लाचा सोडियम क्षार. कठीण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याच आम्लाचे न विरघळणारे क्षार तयार करतात आणि बादलीच्या कडेला तो राखाडी साका बसतो. डिटर्जंटमध्ये कार्बॉक्सिलऐवजी सल्फोनेटसारखा गट असतो, त्याचे कॅल्शियम क्षार तितक्या सहज खाली बसत नाहीत. रिठा आणि शिकेकाई यांतल्या सॅपोनिन रेणूंचा एक भाग शर्करेचा आणि दुसरा टर्पीन सांगाड्याचा असतो. पाण्याकडे ओढणारे आणि तेलाकडे ओढणारे अशी दोन टोके त्यांनाही आहेत, म्हणून त्यांचाही फेस होतो.

अल्कोहोलांच्या धड्यात विषारी दारूचा विषय काढावा का?

काढावा, गांभीर्याने काढावा आणि टाळू नये. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉल आणि ईथेनॉल यांत एका कार्बनाचा फरक आहे आणि वासावरून ते ओळखणे सामान्य माणसाला शक्य नाही. यकृतातले एक विकर (एंझाइम) ऑक्सिडीकरणाने मिथेनॉलचे आधी फॉर्माल्डिहाइड करते आणि मग दुसरे विकर त्याचे फॉर्मिक आम्ल करते. ते आम्ल साचत जाते, दृष्टीची चेता निकामी करते आणि रक्ताची आम्लता वाढवते. प्राथमिक अल्कोहोलापासून अल्डिहाइड आणि त्यापासून कार्बॉक्सिलिक आम्ल हा बाणांचा क्रम विद्यार्थी यांत्रिकपणे लिहितात. तोच क्रम माणसाच्या शरीरात घडतो तेव्हा काय होते, हे त्यांना कळले पाहिजे. उपचारात काही वेळा ईथेनॉलच वापरतात, कारण पहिले विकर ईथेनॉलला प्राधान्य देते आणि तेवढ्या अवधीत मिथेनॉल शरीराबाहेर काढता येते. ज्या मुलांच्या वस्तीत असे घडलेले असू शकते, त्यांच्यासमोर हे बोलताना शब्द जपून वापरावेत. मृतांविषयी हलके बोलणे वर्गात कोणालाही करू देऊ नये.

‘आम्ही केमिकल नसलेलेच पदार्थ वापरतो’ असे पालक म्हणतात. विद्यार्थ्यांनी काय उत्तर द्यावे?

वाद घालू नये. ‘सेंद्रिय’ या शब्दाचे दोन अर्थ समजावून द्यावेत. मराठीत सेंद्रिय शेती आणि सेंद्रिय रसायनशास्त्र यांना एकच विशेषण लागते आणि त्यातून खरा गोंधळ होतो. सेंद्रिय शेतीत कारखान्यातला युरिया चालत नाही; रसायनशास्त्रात मात्र युरिया हे सेंद्रिय संयुग आहे, आणि या शास्त्राच्या इतिहासात त्याचे स्थान फार मोठे आहे. सजीवांतली संयुगे केवळ एखाद्या जीवनशक्तीनेच तयार होतात अशी समजूत असताना १८२८ मध्ये फ्रीड्रिश व्होलर यांनी अमोनियम सायनेटपासून युरिया मिळवला, आणि तो मूत्रातल्या युरियाहून कोणत्याही प्रकारे निराळा नव्हता. शेतकरी कुटुंबातल्या विद्यार्थ्याला खताच्या गोणीवरचा ४६ टक्के नत्राचा आकडा रेणुवस्तुमानावरून पडताळायला सांगावा. शुद्ध युरियाचे उत्तर थोडे अधिक, ४६.७ च्या जवळपास, येते.

त्याच वेळी उलट टोकाची चूकही होऊ देऊ नये. हळद अमुक रोग बरा करते असे संदेश मोबाइलवर सतत फिरत असतात. कर्क्युमिन पाण्यात फारसे विरघळत नाही, आतड्यातून फार कमी शोषले जाते आणि शरीर त्याचे लवकर रूपांतर करते, हेही त्याच्या रचनेतूनच येते. परीक्षानळीत दिसलेला परिणाम रुग्णात दिसेलच असे नाही, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी अकरावीत इंग्रजी संज्ञांनी गांगरतात. त्यांच्यासाठी काय करावे?

दहावीला ‘कार्बनी संयुगे’ हा धडा मराठीत शिकलेले मूल अकरावीत अचानक इंग्रजी पाठ्यपुस्तकापुढे बसते. त्याची अडचण बहुतेक वेळा रसायनशास्त्राची नसते, शब्दांची असते, आणि ती बुद्धीची उणीव समजली जाते याचे मला फार वाईट वाटते. मी पहिले दोन महिने प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत फळ्यावर ठेवतो आणि कारणमीमांसा मराठीत करायची मुभा देतो. नावांचे मूळ सांगितल्यानेही भीती कमी होते : लॅक्टिक हे दुधाच्या, फॉर्मिक हे मुंगीच्या आणि ब्युटिरिक हे लोण्याच्या लॅटिन नावावरून आले आहे. मराठी विश्वकोशातल्या रसायनशास्त्राच्या नोंदी महाजालावर विनामूल्य वाचता येतात. त्या जरूर वाचायला द्याव्यात.

अभ्यासक्रम आणि प्रवेशपरीक्षा यांच्या घाईत एवढा वेळ कोठून काढायचा?

प्रत्येक प्रकरणाला एकच पदार्थ आणि त्यासाठी सुरुवातीची दहा मिनिटे पुरतात. शेवटी वेळ उरला तर सांगू, असे ठरवले की तो कधीच उरत नाही. पदार्थ आधी आला तर व्याख्या, अभिक्रिया आणि अपवाद त्याच्याभोवती गोळा होतात, आणि उजळणीला कमी वेळ लागतो, असा माझा अनुभव आहे.

प्रयोगशाळा तुटपुंजी असेल तर कोणते प्रयोग करता येतील?

खाण्याच्या सोड्याचा प्रयोग सर्वांत बोलका आहे. व्हिनेगर आणि लिंबाचा रस यांत सोडा टाकला की फसफसते. लवंगतेलात टाकला तर काहीच होत नाही. कार्बॉक्सिलिक आम्ल सोड्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढण्याइतके तीव्र आहे आणि फिनॉल नाही, हा पुस्तकातला तुलनात्मक तक्ता अशा वेळी डोळ्यांसमोर घडतो. मुदत उलटून गेलेल्या ॲस्पिरिनच्या गोळ्यांच्या बाटलीला आंबूस वास येतो, कारण ओलाव्याने त्यातल्या एस्टर बंधाचे जलीय विच्छेदन होऊन ॲसेटिक आम्ल सुटते. नागपुरी संत्र्याची साल फुगलेल्या रबरी फुग्याजवळ पिळली तर फुगा फुटतो. सालीतले लिमोनीन हे हायड्रोकार्बन आहे आणि रबरही हायड्रोकार्बनच, त्यामुळे लिमोनीन त्यात शिरून पडदा कमकुवत करते. हीच साल मेणबत्तीच्या ज्योतीवर पिळली की ठिणग्या उडतात. हा प्रयोग मात्र शिक्षकाने स्वतः, अंतर ठेवून करावा.

प्रयोगशाळेत ठेवलेला कोणताही पदार्थ, तो घरून आणलेला असला तरी, चाखू देऊ नये. चव घ्यायचीच असेल तर ती वर्गात आणि वेगळ्या भांड्यातून घ्यावी. संडास साफ करण्याचे आम्ल आणि कपड्यांचे ब्लीच एकत्र करून पाहण्याची कल्पना काही मुलांना सुचते. त्यातून क्लोरीन वायू निघतो, म्हणून ही मनाई पहिल्याच तासाला करावी. मिरचीची पूड हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि त्यासाठी नुसते पाणी का पुरत नाही, हे विद्यार्थ्यांनीच सांगावे.

परीक्षेत असे प्रश्न कसे विचारावेत?

पाठ केलेल्या वाक्याने उत्तर देता येणार नाही अशा रीतीने. ‘कर्क्युमिनमधले क्रियात्मक गट ओळखा’ हा प्रश्न ठीक आहे, पण ‘कर्क्युमिनचे दोन्ही फिनॉल गट मिथॉक्सी केले तर साबणाने होणारा तांबडा रंग तसाच राहील की फिका पडेल, कारणासह लिहा’ हा अधिक चांगला. ‘जिंजेरॉल आणि शोगाओल यांच्या रेणुसूत्रांत कोणता फरक असेल?’, ‘कॅप्सेसिनची दहा कार्बनांची साखळी दोन कार्बनांची केली तर ते पाण्यात अधिक विरघळेल का?’, ‘कांदा चिरण्यापूर्वी थंड केला तर डोळ्यांतून पाणी कमी का येते?’ असे प्रश्न विचारता येतात. शेवटच्या प्रश्नात कांद्याच्या पेशी कापल्यावर विकरांच्या क्रियेने गंधकयुक्त बाष्पशील रेणू तयार होतो, आणि थंडीत विकराचा वेग व रेणूचे उडून जाणे दोन्ही मंदावतात, एवढे दोन मुद्दे आले तर मी पूर्ण गुण देतो. नुसते ‘वायू कमी निघतो’ असे लिहिणाऱ्याला अर्धे गुण देऊन ‘का?’ एवढाच शेरा लिहितो आणि उत्तरपत्रिका परत करताना त्याचे उत्तर तोंडी विचारतो.